हमरियातलं उणे अठ्ठावीस

नोव्हेंबरात शारजाला एक सकाळ अशी येते की एसी बंद करावासा वाटतो. ती कधी येणार हे कुणी सांगत नाही. आपण उठतो, खिडकी उघडतो, आणि सात-आठ महिने तोंडावर गरम फडक्यासारखी आपटणारी हवा गुमान आत येऊन पडदा हलवते. मग इमारतीभर खिडक्या सरकल्याचे आवाज होतात. समोरच्या गॅलरीत रजया पडतात. खालच्या दुकानात लोकरीच्या टोप्या टांगल्या जातात आणि पारा अठरावर आला की आमच्याकडच्या आया मुलांना अशा काही गुंडाळतात, की बघणाऱ्याला वाटावं शाळेची बस हिमालयात निघाली आहे. मीही त्यातलीच होते, नाकारत नाही.

यंदा ती सकाळ आली आणि त्याच दिवशी सईचा फोन आला. सई माझी मुलगी. हल्ली कॅनडात असते, सस्कातूनला, आणि तिने तिथे एक जुनी गाडी घेतली आहे. 

"आई, लिसन. नेक्स्ट मंथ इट्स गोइंग टू बी मायनस थर्टी-फाइव्ह. व्हिच ऑइल डू आय पुट?"

एवढी वर्षं तेलात बुडून काढली, पण पोरीने मला माझ्या धंद्यातला प्रश्न विचारायची ही पहिलीच वेळ. मी जरा भाव खाल्ला. म्हटलं, आधी गाडीचं पुस्तक काढ, त्यात ज्या ग्रेड दिल्या आहेत त्यांतलं पहिला आकडा शून्य असलेलं घे, आणि दुकानदार काहीही म्हणाला तरी ऐकू नकोस. ती म्हणाली, "ओके, बॉस." फोन ठेवला, चहा टाकला, आणि चहा उकळून उतू जाईपर्यंत मी २००८च्या हिवाळ्यात जाऊन बसले होते.

तेलाच्या डब्यावर दोन आकडे असतात. पहिल्याला डब्ल्यू हे अक्षर चिकटलेलं असतं, म्हणजे विंटर. हा पहिला आकडा तेल गारठ्यात कसं वागेल ते सांगतो. तो जितका लहान, तितकं तेल थंडीत वाहतं राहतं. दुसरा आकडा सांगतो की इंजिन तापल्यावर ते किती दाट राहील. आखातात पहिल्या आकड्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. इथे गाडी थंड होते कधी? औद्योगिक भागातल्या गॅरेजांत तेल चिमटीत घेऊन बोटं फाकवतात आणि लाडवाच्या पाकासारखी तार आली की खूश होऊन मान हलवतात. जाड म्हणजे दमदार, पातळ म्हणजे फसवणूक, असा इथला साधा हिशेब. आमचा कारखानाही वर्षानुवर्षं तेच जाड तेल बनवायचा. वीस-डब्ल्यू-पन्नास. ते ओततानासुद्धा गंभीर वाटायचं.

शारजाच्या हमरिया फ्री झोन या उद्योगवसाहतीतला हा लहानसा कारखाना. बाहेरून पत्र्याची मोठी शेड, आत टाक्या, ड्रम, आणि एका कोपऱ्यात काचेच्या भिंतीआड माझी लॅब. मी तिथली केमिस्ट. पुण्याहून लग्न होऊन आले, सई शाळेत जायला लागल्यावर नोकरी धरली, आणि कुणाला खरं वाटणार नाही, पण मला तेल आवडायला लागलं. नवीन बॅच चाचणीनळीत धरून उजेडाकडे बघायची मला सवय होती. शुद्ध तेलाला मधाचा रंग असतो आणि वास जवळजवळ नसतोच. अभय म्हणायचा, हिला दागिने दाखवा, ही त्यातही चिकटपणा बघेल.

अभय माझा नवरा. सिव्हिल इंजिनिअर. दुबईत एका टॉवरवर होता. दिवाळीत आम्ही गॅलरीत कंदील लावला तेव्हा टॉवर बाविसाव्या मजल्यावर पोचला होता आणि डिसेंबरातही तो बाविसाव्यावरच होता. क्रेन वर तशीच, हात आडवा करून उभी. आधी त्यांनी अभयला बिनपगारी रजेवर पाठवलं, नंतर व्हिसा रद्द केला. एकाच आठवड्यात आमच्या इमारतीतली तीन बिऱ्हाडं गेली. सुपरमार्केटच्या फळ्यावर चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लागल्या होत्या: सोफा, पाळणा, वॉशिंग मशीन, सगळं अर्जंट. पार्किंगमध्ये टाकून दिलेल्या गाड्यांवर धूळ साचली होती. त्या धुळीवर कुणीतरी बोटाने हसरे चेहरे काढून ठेवले होते आणि ते मला अजिबात आवडत नव्हते.

मग आमच्या घराची सगळी भिस्त माझ्या लॅबवर आली. आणि लॅबचंच काही खरं नव्हतं. बांधकामं थांबली, म्हणून ट्रक थांबले, म्हणून आमचं तेल थांबलं. मालक हरीशभाई. मूळचे जामनगरचे, चाळीस वर्षं आखातात, पोट सुटलेलं, आवाज मऊ. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, मार्च तक देखते हैं. उसके बाद लॅब बंद करनी पडेगी. सॅम्पल बाहर टेस्ट करवा लेंगे." वाईट वाटून बोलत होते, त्यामुळे मला चिडताही येईना. मार्चमध्ये सईची चौथी संपत होती. लॅब गेली तर तिघांनी पुण्याला परतायचं, हे आम्ही स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, हळू आवाजात ठरवून टाकलं. पुणं काही परकं नव्हतं. पण आपण होऊन परत जाणं वेगळं आणि हाकलल्यासारखं जाणं वेगळं. मला जायचं नव्हतं. मला इथे राहायचं होतं, हे मी त्या वेळी कुणाशी बोलले नाही, कारण इथे राहण्याची हौस ही तेव्हा जरा लाजिरवाणी गोष्ट होती.

अशात येरलान आला. डिसेंबरचा मध्य असावा. तो कझाकस्तानचा, अस्तानाजवळच्या कुठल्या गावचा. शारजाच्या जुन्या गाड्यांच्या बाजारातून गाड्या घ्यायच्या आणि इराणमार्गे आपल्या देशात न्यायच्या हा त्याचा धंदा. मंदीत सगळे मातीमोल भावाने गाड्या विकत होते, म्हणून त्याने नोव्हेंबरात सोळा गाड्या एकदम पाठवल्या होत्या. पाठवण्याआधी इथल्या एका गॅरेजवाल्याने मोठ्या प्रेमाने सगळ्यांचं तेल बदलून दिलं होतं. लांबच्या प्रवासाला निघालेल्या पाहुण्याला आपण डबा भरून देतो ना, तसं. आणि डब्यात दिलं होतं, अर्थातच, वीस-डब्ल्यू-पन्नास.

येरलानने मोबाइलवरचा फोटो दाखवला. बर्फात उभी गाडी, बॉनेट उघडं, आणि कुणाच्या तरी हातमोज्यात तेलाची पातळी बघायची पट्टी. पट्टीच्या टोकाला तेलाचा गोळा अडकला होता. गळत नव्हता.

"सिक्सटीन कार," तो म्हणाला. "फोर इन गॅरेज, ओके. टेन नो स्टार्ट. टू स्टार्ट, बट इंजिन खलास."

हरीशभाई हळहळले. म्हणाले, गॅरेजवाल्याने तेल तर चांगलं घातलं होतं.

"ऑइल गुड," येरलान म्हणाला. "गुड फॉर कॅमल."

तो चिडलेला नव्हता, त्याला फक्त योग्य तेल हवं होतं. इथून निघणाऱ्या प्रत्येक गाडीत ते घालूनच पाठवायचं, शिवाय तिकडच्या त्याच्या गॅरेजसाठी ड्रम. त्या हिवाळ्यात आमच्याकडे आलेली ती एकुलती एक मोठी ऑर्डर. हरीशभाईंनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, बनेगा?"

बनेगा, म्हणाले मी. पण थंडीतलं तेल म्हणून माझ्या अनुभवात काय होतं? पुण्याच्या हिवाळ्यात थिजलेली खोबरेलाची बाटली. आई ती सकाळी उन्हात ठेवायची आणि आम्ही बहिणी ती वितळेपर्यंत केस मोकळे सोडून पायरीवर बसायचो. बर्फ मी फ्रीजरखेरीज कुठे पाहिला नव्हता. आणि मी उणे पस्तिसातल्या गाड्यांचं तेल ठरवणार होते.

पुस्तकातून ठरवलं. चांगल्या प्रतीचं मूळ तेल घेतलं, त्यात थंडीत गोठू नये म्हणून घालायचं रसायन मिसळलं. दुबईच्या जबल अली बंदरातून कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, मागवला. तो डब्यातून काढला की धुरासारखी वाफ टेबलावरून जमिनीवर उतरायची आणि बशीरक्का लांब उभे राहून बघायचे. बशीरक्का म्हणजे बशीरदादा, टाक्यांवरचे मुख्य, कोळिकोडचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. कोणतं तेल किती ढवळायचं हे त्यांना टाकीच्या आवाजावरून कळायचं. चाचणीनळी थंड करत जायची, दर तीन अंशांनी तिरकी करून बघायची, तेल हलतं का. माझं तेल उणे बेचाळीसपर्यंत हललं. मी खूश. वीस ड्रमांची बॅच बनवायला सांगून मोकळी झाले.

येरलानने माझा रिपोर्ट दोन बोटांत धरला आणि परत दिला. "पेपर नो. कार."

आता शारजात गाडी उणे तिसात उभी करायची कुठे? हे कोडं अभयने सोडवलं. तो तीन आठवडे घरी होता. त्या तीन आठवड्यांत त्याने मसाल्याच्या बरण्या उंचीप्रमाणे लावल्या होत्या आणि मला मोहरी सापडत नव्हती. मी रात्री जेवताना येरलानचं सांगितलं तर हा वरणभात तसाच टाकून उठला. हमरियाच्या बंदरालगत गोठवलेल्या मालाचे कंटेनर रिकामे पडून होते. हॉटेलं ओस पडली तेव्हा मांस-मासळीची आवक घटली होती. "चाळीस फुटी असतो. वीज जोडली की आत उणे तीसपर्यंत नेता येतं. त्यात गाडी मावेल," तो म्हणाला आणि पेपर नॅपकिनवर मापं मांडायला लागला. कित्येक दिवसांनी मी त्याच्या हातात पेन बघत होते.

दोन दिवसांनी आमच्या आवारात तो पांढरा कंटेनर येऊन बसला. अभयने लाकडी फळ्यांचा उतार केला, आतल्या खाचांच्या जमिनीवर प्लाय टाकलं. येरलानची एक जुनी करडी गाडी आम्ही पाच-सहा जणांनी ढकलत आत घातली. अंतर इतकं कमी, की दार वीतभरच उघडायचं. त्यामुळे आत शिरून चावी फिरवणार कोण, हा प्रश्न आला. हरीशभाईंचा विचारच नको. येरलान दाराएवढा रुंद. बशीरक्कांचे गुडघे. राहता राहिला अभय, ज्याच्या किडकिडीतपणावर माझ्या माहेरची माणसं बारा वर्षं बोलत आली होती. खिडकीची काच आधीच खाली करून ठेवायची आणि त्यातून त्याने आत सरपटायचं असं ठरलं.

त्याच्यासाठी रोला बाजारातल्या एका दुकानातून जाड जॅकेट आणलं. "साठ दिरहम. म्हणजे जवळजवळ आठशे रुपये," अभय आरशासमोर म्हणाला, "शारजात जॅकेट घ्यायला."

पहिल्यांदा गाडीत जुनंच जाड तेल घातलं, येरलानचा अनुभव आपल्या डोळ्यांनी बघायला. दोन दिवस कंटेनर घुमत राहिला. आकडा उणे अठ्ठाविसावर येऊन थांबला, पुढे जाईना. तिसऱ्या दिवशी दुपारी दारं उघडली. बाहेर छान कोवळं ऊन, चोवीस-पंचवीस तापमान, आणि दारातून पांढरी वाफ आमच्या पायांवर आली. अभय खिडकीतून आत गेला, आधी डोकं, मग उरलेला. त्याने चावी फिरवली. इंजिनाने एकदा कण्हल्यासारखं केलं आणि गप्प झालं. परत फिरवली. तेवढंही नाही.

"थिजलंय," आतून अभय ओरडला.

हे अपेक्षितच होतं. बशीरक्का मात्र खिन्न झाले. आपण आयुष्यभर बनवलेलं तेल असं मान टाकताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मग ते तेल काढून माझं घातलं. पुन्हा दोन दिवस. पुन्हा दुपार. मी अभयला बजावून ठेवलं होतं: समोरचा तेलाचा लाल दिवा बघ. गाडी सुरू झाली की तो लगेच विझला पाहिजे. विझला म्हणजे तेल खालून वर चढलं, इंजिनभर पोचलं. दहा आकडे मोज. तोवर विझला नाही तर बंद कर.

गाडी सुरू झाली. पहिल्याच चावीला. हरीशभाईंनी टाळी वाजवली. येरलानने बशीरक्कांच्या पाठीवर थाप मारली. मी आकडे मोजत होते, आणि अकराव्याला इंजिन बंद झालं. आतून अभयचा आवाज आला, "शुभा, दिवा तसाच आहे."

मी रात्रभर त्याच गोष्टीचा विचार करत होते आणि दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना मला ती कळली. माझ्या चाचणीत खोट नव्हती, माझ्या थंडीत होती. मी तेल दोन तासांत थंड केलं होतं. आमच्याकडे थंडी म्हणजे एक यंत्र. बटण दाबलं की येते, सुटी झाली की जाते. पण खरी थंडी उभी राहते. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. खनिज तेलात थोडं मेण असतंच. भराभर गार केलेल्या तेलात त्या मेणाच्या कणांना एकमेकांना धरायला वेळ मिळत नाही. सावकाश गार होत गेलं की ते कण निवांत जाळं विणत बसतात. नळी तिरकी केली तर तेल हलतं, पण पंपाला ते वर ओढता येत नाही. चटके बसणाऱ्या गावात वाढलेल्या, वर्षभर एसीचं बटण दाबणाऱ्या माणसांनाच ही चूक सुचावी. अस्तानातल्या शाळकरी पोराने ती केली नसती.

आणि मग त्यावर मी आणखीही विचार केला, जो तेलाचा नव्हता. अभयची नोकरी गेली तो दिवस आम्ही धीराने काढला होता. बाहेर जेवायलाही गेलो होतो. नंतरच्या साध्या, काहीही न घडणाऱ्या दिवसांत आम्ही हळूहळू गार होत गेलो. तो कमी बोलायला लागला, मी कमी विचारायला लागले. भांडण म्हणावं असं एकही झालं नाही. घर हलत होतं, वर मात्र काही पोचत नव्हतं. हे मला त्या लाल दिव्यामुळे कळलं, याची मला तेव्हा लाज वाटली होती. आज वाटत नाही.

हरीशभाईंना मी सांगितलं की हे तेल तिकडे चालणार नाही. ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले.

"मॅडम, गाडी तो स्टार्ट हुई. सबने देखी."

"दिवा विझला नाही. तसंच चालवलं तर इंजिन जाईल."

"आपका रिपोर्ट भी पास है. बयालीस." मग आवाज आणखी मऊ करून म्हणाले, "ड्रम रेडी है, उसका शिपमेंट रेडी है. आप सर्टिफिकेट साइन करो. ये ऑर्डर गया, तो मार्च का मैं कुछ बोल नहीं सकता."

धमकी नव्हती ती. खरं तेच होतं. मी कागद घेऊन घरी आले. मनात काय काय आलं ते लिहायला हवं: की तिकडे दर वेळी दोन दिवस गाडी उभी थोडीच राहते. की उणे बेचाळीस मी स्वतः पाहिलंय. की येरलान कोण आपला, आणि सई आपली आहे. सही करायला तीन सेकंद लागतात. कागद मी डायनिंग टेबलावर ठेवला आणि अभयला वाचायला सांगितला.

त्याने वाचला. म्हणाला, "मी आत बसलो होतो ना, शुभा. तो दिवा मी पाहिलाय. सही करू नकोस."

"आणि मार्च?"

"जाऊ पुण्याला. तिथे तरी हे डोक्यात घेऊन नको."

त्या रात्री मला गाढ झोप लागली, याचं मला अजून नवल वाटतं.

सकाळी मी हरीशभाईंना एवढंच म्हटलं की सही करते, पण आधी तुम्ही एकदा दिवा बघा. तो पाहिल्यावर ते सही मागणार नाहीत, हा माझा अंदाज होता. दोन दिवसांनी पुन्हा दारं उघडली. हरीशभाईंना आत शिरणं शक्य नव्हतं. ते मागच्या काचेला कपाळ टेकून उभे राहिले, अभयचं साठ दिरहमचं जॅकेट खांद्यांवर टाकून. अभयने चावी फिरवली. सगळेच मोजत होते, हरीशभाई गुजरातीत. नव, दस. लाल दिवा तसाच. अभयने इंजिन बंद केलं. हरीशभाईंनी चष्मा काढून पुसला.

"ये वाला इधर ही बेच देंगे," ते म्हणाले. "इधर इसको कौन दो दिन फ्रीज में रखेगा. उसके लिए दूसरा बनाओ. जल्दी."

दुसऱ्यासाठी मेण मुळातच नसलेलं कृत्रिम तेल लागणार होतं. जबल अलीतल्या एका व्यापाऱ्याकडे ते पडून होतं. ज्याने मागवलं होतं त्याचाच धंदा बसला होता. त्यातून मी शून्य-डब्ल्यू-चाळीस केलं. बशीरक्कांनी टाकीच्या तोटीखाली बोट धरलं, चिमटीत घासलं आणि माझ्याकडे अत्यंत दुःखाने पाहिलं. "मॅडम, ये तो पानी है."

"बशीरक्का, तिकडे पाणीच लागतं."

"पानी तो बरफ बनेगा," ते पुटपुटले, पण ढवळलं मनापासून, नेहमीपेक्षा अर्धा तास जास्त.

तिसऱ्या खेपेला मी दाराशी उभी राहिले नाही, आत गेले. पापण्या चिकटतात हे मी ऐकलं होतं, पण नाकातले केस ताठ होतात हे कुणी सांगितलं नव्हतं. श्वास घेतला की छातीत बारीक टोचायचं. अशा हवेत माणसं भाजी आणायला जातात, मुलं शाळेत जातात, हे मला तेव्हा पहिल्यांदा खरं वाटलं. मागून अभयचं कानटोपीतलं डोकं दिसत होतं. त्याने चावी फिरवली. इंजिन लागलं, आणि मी तीन म्हणायच्या आत तो ओरडला, "गेला, दिवा गेला." मग तो बाहेर यायलाच तयार होईना. मी बोलावलं, बशीरक्कांनी बोलावलं. हा आपला इंजिन ऐकत बसलेला. शेवटी खिडकीतून निघाला तेव्हा नाक लाल झालं होतं आणि तो हसत होता. पुढे त्याला अबू धाबीत नोकरी लागली, त्याला अजून सात महिने होते. पण माझ्या लेखी तो परत आला तो त्या दुपारी.

जानेवारीत गाड्या निघाल्या. मग वाट बघणं. सकाळी हमरियाच्या वाटेवर इतकं धुकं असायचं, की पुढच्या बसचे दिवे तेवढे दिसायचे. सगळे ताशी तीसने, धोक्याचे दिवे लावून, एकामागे एक. एरवी मला या धुक्याचा वैताग यायचा. त्या वर्षी बरं वाटायचं. कंटेनर उणे अठ्ठाविसाला थांबला होता आणि येरलानच्या गावी उणे पस्तीस, चाळीस. या मधल्या अंतराची माझ्याकडे कसलीच चाचणी नव्हती. फक्त गणित होतं आणि त्यावर विश्वास होता, जो दुपारपर्यंत टिकायचा. हरीशभाईंना विचारलं की ते म्हणायचे, "इन्शाल्ला." आखातात या शब्दात किती प्रकारचं हो आणि किती प्रकारचं नाही असतं ते मला माहीत होतं, म्हणून मी विचारायचं सोडलं.

फेब्रुवारीत एका दुपारी ऑफिसातला फोन वाजला. हरीशभाईंनी रिसीव्हर माझ्याकडे दिला. तिकडून वाऱ्याचा आवाज आणि त्यात येरलान.

"मायनस थर्टी-सेव्हन," तो म्हणाला. "थ्री डेज आउटसाइड."

"अँड कार्स?"

"स्टार्ट."

"ऑल?"

"ऑल, ऑल."

मी विचारलं, लाल दिवा किती वेळात विझला. तो गोंधळला. "व्हिच लाइट?" त्याने दिव्याकडे पाहिलंच नव्हतं. तिकडे कुणीच पाहिलं नव्हतं. चावी फिरवली, गाडी निघाली, माणसं कामाला गेली. मला हसू आलं आणि ते आवरेना, म्हणून रिसीव्हर परत हरीशभाईंच्या हातात दिला. ते बराच वेळ ड्रमांचं बोलत राहिले. फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "खलास मॅडम, फायनल. लॅब रहेगी. यल्ला, चलो, अभी काम करो."

संध्याकाळी दारातच अभयला सांगितलं. तो चपलांच्या कपाटावर बसला आणि दोन्ही हातांनी चेहरा चोळला. मग आम्ही सईला हाक मारली. ती नऊ वर्षांची होती. आम्ही तिला कशाचा पत्ता लागू दिला नव्हता. जे काही बोललो ते स्वयंपाकघरात, आणि मराठीत. पोर उत्तरं इंग्रजीत देते म्हणजे तिला मराठीतलं फारसं कळत नसणार, असा आम्हा इथल्या आईबापांचा एक सोयीस्कर समज असतो. मी सहज स्वरात म्हटलं, "सई, आपण इथेच राहणार आहोत हं."

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाबाकडे. "फॉर शुअर?"

"हो."

"नॉट जस्ट टिल मार्च?"

अभयने माझ्याकडे पाहिलं. मार्च हा शब्द आम्ही तिच्यासमोर कधीच उच्चारला नव्हता.

"देन आय नीड माय स्केट्स बॅक," ती म्हणाली. "आय गेव्ह देम टू मरियम." मरियम खालच्या मजल्यावरची, तिच्या वर्गातली. स्केट्स तिच्या वाढदिवसाचे, तिचे सगळ्यात लाडके. कपाटाच्या खालच्या कप्प्यात ते नाहीत, हे महिनाभर माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"का दिलेस गं?"

तिने खाली बघितलं आणि या वेळी मराठीत उत्तर दिलं. "तिकडे जाताना सामान खूप झालं असतं ना, आई."

अभय उठला, चपला घातल्या, तिचा हात धरला, आणि दोघं स्केट्स परत मागायला मरियमच्या घरी खाली गेले.